मांडीवरचे तिकीट

दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलासाठी विमानात स्वतंत्र जागा घ्यावीच लागते असे नाही. ते आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसून जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अशा मुलाचे भाडे साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, तर भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांसाठी विमान कंपन्या एक ठरावीक शुल्क घेतात. आमच्यासारख्या परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत या सवलतीभोवती अख्ख्या भारतवारीचा बेत आखला जातो. "दोन वर्षांच्या आत एकदा येऊन जा, नंतर पूर्ण तिकीट पडेल," असे नाशिकहून आजी-आजोबा फोनवर बजावतात आणि इथे न्यू जर्सीत आम्ही बाळाची जन्मतारीख व शिल्लक रजा समोर ठेवून हिशेब मांडतो. त्या हिशेबातून एक बारीक गोष्ट हमखास निसटते, ती अशी की वय प्रवासाच्या दिवशीचे धरले जाते, तिकीट काढल्याच्या दिवशीचे नव्हे. दुसरा वाढदिवस आजोळी थाटात साजरा झाला, तर परतीच्या उड्डाणात त्याच मुलाला स्वतःची सीट घ्यावी लागते.

पैशांचा हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. मांडीवर बसणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र फार थोडे पालक करतात, आणि माझ्या मते लहान मुलांच्या विमानप्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच आहे. विमान हवेच्या धक्क्याने एकदम खाली गेले किंवा धावपट्टीवर आदळून थांबले, तर दहा किलोच्या मुलाचा भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो, आणि आईचे हात कितीही घट्ट असले तरी तो भार त्यांना पेलत नाही. म्हणूनच भारतीय आणि युरोपीय विमानांत मोठ्यांच्या पट्ट्यात ओवलेला एक छोटा पट्टा मुलाच्या कमरेभोवती बांधतात. अमेरिकी नियमांनुसार मात्र विमान उतरताना आणि उडताना हा पट्टा वापरता येत नाही, कारण जोराचा आघात झाला तर पट्ट्याचा सगळा ताण मुलाच्या पोटावर येतो आणि वर मोठ्या माणसाचे शरीर त्याच्यावर दुमडते. म्हणजे तेच मूल, तीच आई आणि तोच प्रवास असूनही केवळ विमान कोणत्या देशाचे आहे यावर मुलाला बांधायचे की नुसते धरायचे हे ठरते. दोन्ही पद्धतींच्या मर्यादा दोन्ही बाजूंना माहीत आहेत.

या चर्चेला अमेरिकेत एका अपघाताची पार्श्वभूमी आहे. 19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले, त्याच्या तुकड्यांनी विमान नियंत्रित करणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या, आणि वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते आयोवा राज्यातल्या सू सिटीपर्यंत आणले. विमानातल्या 296 जणांपैकी 112 जण दगावले. विमानात मांडीवर बसलेली चार मुले होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांच्या पालकांना मुलांना पायाशी जमिनीवर ठेवून धरून बसायला सांगितले गेले, आणि त्या चौघांपैकी दोन वर्षेही पुरी न झालेला एक मुलगा वाचला नाही. ती सूचना देणाऱ्या मुख्य केबिन कर्मचारी जॅन ब्राउन यांनी त्यानंतरची अनेक वर्षे एकच मागणी लावून धरली, की प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि तीत बांधून बसवण्याची सोय मिळावी. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही तशी शिफारस वारंवार केली. विमान वाहतूक प्रशासनाने मात्र 2005 साली हा नियम सक्तीचा करण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की सक्ती केली तर वाढलेल्या खर्चामुळे काही कुटुंबे विमानाऐवजी मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसे मरतात, त्यामुळे एकूण जीव वाचण्याऐवजी जातीलच.

देशाचे धोरण म्हणून हा युक्तिवाद मला पटतो. पण तो आपल्या प्रवासाला लागू पडत नाही, कारण न्यू जर्सीहून नाशिकला मोटारीने कोणी जात नाही. आपल्यापुढे पर्याय विमान की रस्ता असा नसतो. मांडी की सीट एवढाच असतो, आणि तो केवळ पैशांचा असतो. ज्यांची पैशांची ओढाताण आहे त्यांनी मांडीवर नेले तर त्यात काही अपराध नाही, कारण विमानप्रवास मुळातच अतिशय सुरक्षित आहे आणि अब्जावधी प्रवाशांमध्ये असे प्रसंग फार विरळा येतात. ज्यांना परवडते त्यांनी मात्र सवलत आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असे मानू नये. थोरल्याच्या वेळी आम्ही मांडीवरचे तिकीट घेतले होते, धाकटीच्या वेळी सीट घेतली. सुरक्षिततेचा विचार होताच, पण पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात तिची झोप आणि आमचे खांदे या दोहोंत पडलेला फरकही कमी नव्हता.

सीट घेतली की मोटारीतली कार सीट विमानात न्यावी, आणि ती विमानासाठी मान्य असल्याचा मजकूर तिच्या लेबलवर छापलेला असावा लागतो. तिची रुंदी घरीच मोजून घ्यावी, कारण इकॉनॉमीतल्या जागा सतरा-अठरा इंचांच्याच असतात. बहुधा ती खिडकीशीच लावू देतात, म्हणजे संकटाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या इतरांच्या वाटेत ती येत नाही.

मांडीवरच्या मुलासाठी मोठ्या विमानांत समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, आणि त्याच्याविषयी नातेवाइकांत फार गोड समजुती असतात. असे पाळणे मोजके असतात, त्यांना वजनाची मर्यादा असते, ती प्रत्येक कंपनीची निराळी असते, आणि तिकीट काढल्यावर लगेच फोन करून मागणी नोंदवली तरी हमी मिळत नाही. शिवाय पट्टा बांधण्याचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून उचलून घ्यावेच लागते, आणि हा दिवा बाळाचा डोळा नुकता लागलेला असताना पेटतो, असा माझा अनुभव आहे. त्या ओळीत खुर्च्यांचे हात वर होत नाहीत, कारण जेवणाचे टेबल त्यांच्यातच घडी घालून ठेवलेले असते, आणि समोर खुर्ची नसल्यामुळे उड्डाणाच्या वेळी दुपट्यांची पिशवीसुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते. तीन-चार महिन्यांच्या बाळासाठी पाळण्याची खटपट जरूर करावी. बाळ उठून बसायला लागले की त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. आणखी एक बारकावा असा, की खुर्च्यांच्या प्रत्येक गटात प्राणवायूचा साधारणपणे एकच जादा मुखवटा असतो, म्हणून दोन तान्ही बाळे एका गटात बसवत नाहीत. जुळ्यांच्या आईबापांनी हे आधीच ध्यानात घेऊन जागा निवडाव्यात.

आता कानांविषयी. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतली हवा सुमारे सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी तेवढ्या दाबाची ठेवलेली असते. वर चढताना कानाच्या पडद्यामागची हवा प्रसरण पावते आणि घशाकडे जाणाऱ्या नळीतून सहज निसटते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ढकलला जातो, आणि ती नळी उघडून हवा आत गेल्याशिवाय ताण कमी होत नाही. तान्ह्या बाळांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे ती चटकन उघडत नाही. गिळताना ती उघडते, म्हणूनच दूध पाजावे असे सांगतात. पण बहुतेक आया उडतानाच पाजून मोकळ्या होतात, आणि उतरताना, म्हणजे खरी गरज असते तेव्हा, बाळाचे पोट भरलेले असते. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागते. एक वेळचे दूध तेव्हासाठी राखून ठेवावे आणि बाळाला आडवे न ठेवता उभे धरून पाजावे. थोड्या मोठ्या मुलाला कपातून घोट घोट पाणी द्यावे. सर्दीने नाक चोंदले असेल किंवा कानाचा संसर्ग नुकताच होऊन गेला असेल, तर निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. नाक मोकळे असेल तर झोपलेल्या मुलाला केवळ कानांसाठी उठवू नये, असे माझे मत आहे.

याच दाबामुळे पोटातला वायूही फुगतो. आठ हजार फुटांच्या दाबाला तो जमिनीवरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून विमानात पाजल्यावर ढेकर काढायला घरच्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा, एरवी शांत असणारे बाळ तिथे पाय पोटाशी घेऊन का कळवळते याचे उत्तर बरेचदा यातच असते.

रडण्याविषयी पालकांना जेवढी धास्ती असते तेवढी दुसऱ्या कशाचीही नसते. गंमत अशी, की उतरताना रडणाऱ्या बाळाची ती नळी रडता रडता गिळण्यामुळेच उघडत असते, म्हणजे शेजाऱ्यांना जो त्रास वाटतो तो बाळाचा उपाय असतो. ही धास्ती टाळण्यासाठी सर्दीचे गुंगी आणणारे औषध देण्याचा सल्ला ओळखीपाळखीतून सर्रास मिळतो. तो मुळीच ऐकू नये. अशा औषधाने काही मुले झोपण्याऐवजी उलट अधिक चिडचिडी आणि जागी होतात, लहान वयात त्याची मात्रा चुकण्याचा धोका असतो, आणि पस्तीस हजार फुटांवर डॉक्टर सहप्रवाशांत असला तरच भेटतो. अमेरिकेत काही पालक आजूबाजूच्या प्रवाशांना कानात घालायचे बोळे आणि चॉकलेटे घातलेल्या माफीच्या पिशव्या वाटतात. मला ही प्रथा अनाठायी वाटते. मूल हाही एक प्रवासीच आहे, आणि तो काही गुन्हा करायला निघालेला नाही. मूल रडत असताना आईबाप ते शांत करायला धडपडत आहेत एवढे दिसले, की बहुतेक लोक समजून घेतात.

तान्ह्या बाळापेक्षा चालायला लागलेले मूल नेणे कितीतरी कठीण असते, हे मात्र आधी कोणी सांगत नाही. तान्हे बाळ कुशीत राहते. दीड वर्षाच्या मुलाला विमानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे असते आणि तेही चहाची गाडी वाटेत असताना. वाटेच्या कडेच्या खुर्चीवर मूल कधीच बसवू नये, कारण गरम चहा त्याच्या डोक्यावरून पलीकडे दिला जातो. खाण्याच्या बाबतीत आपल्या घरात उत्तम सोय आहे: राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, मऊ शंकरपाळी, आणि गरम पाणी मागून कालवता येईल असे नाचणीचे सत्त्व. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे या वयात घरीसुद्धा देऊ नयेत, मग हलत्या विमानात तर नाहीच. उरलेली फळे अमेरिकेत उतरण्यापूर्वी संपवावीत, नाहीतर ती विमानतळावर काढून घेतात. हातातल्या सामानातल्या द्रवांना असलेली शंभर मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि खाण्याला नसते. सिक्युरिटीच्या रांगेत ते आपणहून वेगळे काढून दाखवले, की तपासणी लवकर आटोपते.

कागदपत्रांचे थोडक्यात. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला अमेरिकी पासपोर्ट लागतो, सोळा वर्षांखाली तो पाच वर्षेच चालतो, आणि भारतात येण्यासाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) किंवा व्हिसा घ्यावा लागतो. तिकिटाआधी हे काम हातात घ्यावे. भारतात देशांतर्गत प्रवास करताना बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवावा, कारण वयाचा पुरावा विचारतात. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना असा आदेश दिला, की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. काउंटरवर जागा विखुरलेल्या निघाल्या तर या आदेशाची आठवण नम्रपणे करून देता येते. लसीकरणाबाबत एवढेच, की अमेरिकेत एरवी पहिल्या वाढदिवसानंतर मिळणारी गोवराची लस परदेशप्रवास असेल तर सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक डोस आधी देण्याची शिफारस आहे. तिच्यासाठी डॉक्टरांची वेळ लवकर घ्यावी.

पोहोचल्यानंतरचा आठवडा हाही प्रवासाचाच भाग समजावा. न्यू जर्सी आणि महाराष्ट्र यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, आणि शरीर साधारण दिवसाला तासभर या गतीने सरकते. बाळाला सकाळी उजेडात न्यावे, जेवणे तिथल्या वेळेला द्यावीत, दुपारची झोप फार लांबू देऊ नये, आणि पहिल्या काही रात्री दोन वाजता खेळायला उठलेल्या मुलाबरोबर घरातल्या एका मोठ्याने आळीपाळीने जागावे. घरात उष्टावण किंवा जावळ ठरवण्याची घाई असतेच, कारण सगळे नातेवाईक एकत्र जमलेले असतात. गुरुजींना मुहूर्त विचारताना हा पहिला आठवडा वगळूनच विचारावा.