चार अवघड विषय आणि वाळूचा एक साचा

बेळगावात मेकॅनिकल शिकणाऱ्या पोरांना अवघड विषय विचारले तर चार नावं ठरलेली असतात: फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्सफर आणि मटेरियल सायन्स. आवडीचं विचारलं तर बरेच जण फौंड्री लॅब, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतायची लॅब, म्हणतात, कारण तिथं हात मळतात आणि शेवटी काहीतरी घडवलेलं हातात येतं. माझ्या मते या चारही विषयांतली जी प्रकरणं डोक्यावरून जातात, तीच त्या साच्यात दडून बसलेली आहेत. साच्याकडून पुस्तकाकडे गेलं की ती सुटायला लागतात.

आपल्याकडे तर हे करणं सोपं आहे. गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासून उद्यमबागेत आहे आणि फौंड्र्याही त्याच उद्यमबागेत. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय मच्छेला आहे. अभ्यासक्रम ठरतो तिथून भट्टी लांब नाही.

सुरुवात वाळूपासून करू, कारण लॅबमध्ये सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, ६ ते १० टक्के बेंटोनाइट ही चिकट माती, ३ ते ४ टक्के पाणी आणि बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) थोडी कोळशाची भुकटी. बेंटोनाइट आपल्याकडे मुख्यतः कच्छहून येतं. चाचणीसाठी या वाळूचा ५०.८ मि.मी. व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा नमुना करायचा. वाळू नळीत भरायची, नळी रॅमरखाली, म्हणजे ठोकायच्या यंत्राखाली, ठेवायची, साधारण साडेसहा किलोचं वजन ५० मि.मी. वरून तीन वेळा पडू द्यायचं. तीनच वेळा. उंची कमी-जास्त भरली तर चौथा ठोका द्यायचा मोह होतो, आणि तिथंच नमुना फुकट जातो. वाळू जास्त घट्ट बसते, मग हवा कमी जाते, ताकद जास्त दिसते, आणि आलेख भलतीकडेच वळतो. उंची चुकली की नमुना टाकून द्यायचा आणि वाळूचं वजन बदलून पुन्हा करायचा. साधारण १५० ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि दोन-तीन ग्रॅमनं वर-खाली करत उंचीतला फरक ०.८ मि.मी.च्या आत आणावा. रॅमर डगमगत्या टेबलावर असला तर ठोक्याचा जोर टेबल खातं आणि नमुना सैल राहतो. म्हणून तो सिमेंटच्या कट्ट्यावर घट्ट बसवलेला हवा.

नमुना नळीतच असताना आधी पर्मिएबिलिटी मोजायची, म्हणजे वाळूतून हवा किती सहज जाते ते. २००० घन सें.मी. हवा १० ग्रॅम प्रति चौरस सें.मी. दाबानं जायला किती सेकंद लागले ते बघायचं आणि ३००७ ला त्या सेकंदांनी भागायचं. ३० सेकंद लागले तर आकडा १००. हा ३००७ काही आकाशातून पडलेला नाही. २००० गुणिले ५.०८, भागिले १० आणि नमुन्याचं क्षेत्रफळ २०.२७, आणि मिनिटांचे सेकंद करायला ६० नं गुणायचं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'हा आकडा कुठून आला' असं विचारलं की निम्मी पोरं गप्प होतात, आणि इतकी साधी गोष्ट असते ती. त्यानंतर नमुना नळीतून काढून त्याच्यावरच दाबाची ताकद मोजायची. आधी ताकद मोजली तर नमुना फुटतो आणि पर्मिएबिलिटीसाठी नवा करावा लागतो.

आता पाणी २ टक्क्यांपासून अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं वाढवत न्या. ताकद आधी वाढते, एका टोकाला पोचते आणि उतरते. पर्मिएबिलिटीचंही तसंच. पाणी कमी असेल तर बेंटोनाइट पुरतं फुगत नाही, कोरडी भुकटी कणांमधल्या फटींत जाऊन बसते. पाणी जास्त झालं तर त्याच फटी पाण्यानं भरतात आणि मातीचा लेप पातळ, निसरडा होतो. जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, हे यंत्राशिवाय ओळखतो: मूठभर वाळू आवळायची, मूठ उघडायची, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, आणि गोळा मधोमध मोडला तर कडा झडता कामा नयेत. खानापूरचा कुंभार चाकावर माती टाकण्याआधी हातानं हेच तर बघतो.

पाणी मोजायचं तर ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. ४८.१ ग्रॅम उरली तर पाणी ३.८ टक्के. चूक होते ती नमुना घेताना. ढिगाच्या वरची वाळू आधीच सुकलेली असते, म्हणून हात आत घालून घ्यायची आणि लगेच डब्यात झाकायची. जूनमध्ये आपल्या पट्ट्यात पाऊस धरला की उघड्यावरची नवी वाळू ओलीच येते. तिच्यात नेहमीइतकंच पाणी घातलं की सकाळचे साचे बिघडलेच म्हणून समजा.

पण अर्धा-एक टक्का पाण्यानं एवढं काय बिघडतं? याचं उत्तर थर्मोडायनॅमिक्सच्या स्टीम टेबलात, म्हणजे वाफेच्या आकड्यांच्या तक्त्यात, आहे. वातावरणाच्या दाबाला १०० अंशांवर एक किलो वाफ १.६७ घनमीटर जागा घेते आणि एक किलो पाणी ०.००१ घनमीटर. म्हणजे एक घन सें.मी. पाण्याची पावणेदोन लिटरच्या आसपास वाफ. साच्याच्या तोंडाशी असलेली एक किलो वाळू धरा. ४ टक्के पाणी म्हणजे ४० ग्रॅम, त्याची ६७ लिटर वाफ. ६ टक्के असेल तर १०० लिटर. आणि हा हिशोब १०० अंशांचा आहे, वाफ आणखी तापली की आणखी फुगते. ती वाळूतून मागे निघून गेली तर ठीक. पर्मिएबिलिटी कमी असेल तर तिला एकच वाट उरते, धातूत घुसायची. त्यालाच ब्लोहोल म्हणतात. कोरडी न केलेली लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) जिवाशी का खेळते तेही याच आकड्यात आहे: तळाशी चमचाभर ओल राहिली आणि वर धातू पडला तर धातू उडतो. लॅडल तापवल्याशिवाय भट्टीजवळ न्यायचीच नाही. 'वाफेचं विशिष्ट आकारमान' हा रकाना परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यानं एकदा हा हिशोब स्वतःच्या हातानं मांडावा.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बर्नोली, म्हणजे प्रवाहाचा वेग आणि उंची जोडणारा नियम, सगळ्यांना पाठ असतो, लावता मात्र येत नाही. स्प्रू, म्हणजे धातू ओतायची उभी नळी, वर रुंद आणि खाली निमुळती का असते ते बघा. वरच्या कुंडात धातूची खोली ५ सें.मी., आणि कुंडाच्या पृष्ठभागापासून स्प्रूच्या तळापर्यंत एकूण २० सें.मी. वेग म्हणजे दोन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, याचं वर्गमूळ. स्प्रूच्या तोंडाशी वेग येतो साधारण १ मीटर प्रति सेकंद, तळाशी २ मीटर. वेग दुप्पट झाला आणि धातू तेवढाच वाहतोय, म्हणजे धार निम्मी बारीक झाली पाहिजे. पण नळी सरळ ठेवली तर खाली धातू नळीच्या भिंतीला सोडतो, मधे पोकळी पडते आणि सच्छिद्र वाळूतून हवा आत ओढली जाते. म्हणून वरचं क्षेत्रफळ खालच्याच्या दुप्पट ठेवायचं. क्षेत्रफळ दुप्पट, व्यास नव्हे. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि पोरं इथं हमखास अडखळतात. घर्षण धरलं तर खरा वेग थोडा कमी भरतो, पण गुणोत्तराला फारसा धक्का लागत नाही.

लॅबमध्ये ॲल्युमिनियम ओतणार असाल तर आणखी एक: साच्यात शिरताना त्याचा वेग साधारण अर्धा मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा घडी पडून आत जातो आणि तिथं पुढे चीर निघते. २ मीटरनं खाली आलेला धातू अर्ध्या मीटरवर आणायचा म्हणजे रनर आणि गेट, या स्प्रूपासून साच्यापर्यंतच्या वाटा, रुंद करत न्यायचे.

हीट ट्रान्सफरची गणितं लांबलचक असतात, पण त्यातला एक नियम च्वोरिनोव्हनं १९४० साली इतका सुटसुटीत मांडला की तो तोंडी करता येतो. थिजायला लागणारा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० सें.मी.चा घन घ्या: घनफळ १०००, पृष्ठफळ ६००, गुणोत्तर १.६७. त्याच घनफळाची २० बाय २० बाय अडीच सें.मी.ची पाटी घ्या: पृष्ठफळ १०००, गुणोत्तर १. वर्ग केला तर घनाला पाटीच्या २.८ पट वेळ लागतो. वजन तेवढंच, धातू तोच.

हा नियम रायझरला, म्हणजे साच्याला जोडलेल्या जादा धातूच्या साठ्याला, लावला की खरी गंमत येते. पोलाद थिजताना साधारण ३ टक्के आक्रसतं, ॲल्युमिनियम ६-७ टक्के. तेवढा धातू पुरवायला रायझरमधला धातू शेवटपर्यंत वितळलेला राहिला पाहिजे, म्हणून पोलादासाठी त्याचं गुणोत्तर कास्टिंगच्या, म्हणजे ओतून घडवलेल्या वस्तूच्या, १.२ पट धरतात. आपल्या घनासाठी ते २ सें.मी. होतं. उंची आणि व्यास सारखा असलेल्या गोल रायझरचं गुणोत्तर, सगळे पृष्ठभाग धरले तर, व्यासाच्या एक षष्ठांश. म्हणजे व्यास १२ सें.मी. त्याचं घनफळ काढा: सुमारे १३५७ घन सें.मी. रायझर कास्टिंगपेक्षा जड! आकडा चुकला असं वाटून पोरं खोडतात, पण तो बरोबर आहे. कारखान्यात रायझरभोवती उष्णता धरून ठेवणारं स्लीव्ह बसवतात ते याच कारणानं, नाहीतर वितळवलेल्या धातूचा अर्ध्याहून जास्त भाग परत भट्टीत जाईल. करड्या बिडाचं बरं असतं. थिजताना त्यात ग्रॅफाइट सुटतं, ते फुगतं आणि बरीचशी तूट भरून काढतं. अर्थात साचा घट्ट असेल तरच. सैल ठोकलेला साचा त्या फुगण्यानं मागे सरकतो, मग बीडही आतून पोकळ निघतं.

राहिलं मटेरियल सायन्स. लोह-कार्बन आकृती पाठ करताना ७२७ अंश, ११४७ अंश, ४.३ टक्के हे आकडे बसतात डोक्यात, पण कुठला घटक किती टक्के हे काढायचा लिव्हर रूल उलटा लावला जातो. इथं तागडी आठवा. ०.४ टक्के कार्बनचं पोलाद ७२७ अंशांच्या जरा खाली आलं. त्यात दोन घटक असतात: एका टोकाला फेराइट, ०.०२ टक्के कार्बनवर; दुसऱ्या टोकाला पर्लाइट, ०.७७ वर. काटा ०.४ वर. फेराइट किती हे काढायचं तर काट्यापासून समोरची भुजा घ्यायची: ०.७७ वजा ०.४, भागिले ०.७५, म्हणजे ४९ टक्के. ज्या पारड्याकडची भुजा आखूड तिकडं वजन जास्त, हे भाजीवाल्यालाही माहीत असतं.

बिडाच्या बाबतीत ही आकृती अर्धीच गोष्ट सांगते. थंड होण्याचा वेग बदलला की तेच रसायन पांढरं किंवा करडं होतं. फौंड्रीत हे वेज टेस्टनं बघतात: पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचा, थिजल्यावर मोडायचा. पातळ टोकाला धातू झटकन थंड होतो म्हणून तिथं पांढरं, चकचकीत, काचेसारखं कठीण. मग चट्टेरी पट्टा. मग जाड बाजूला मऊ करडं. पांढरा भाग किती मि.मी. आला ते मोजायचं. जास्त आला तर ड्रिलिंगवाला शिव्या देणार, म्हणून लॅडलमध्ये फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलंट, म्हणजे बीड करडं ठेवणारी भर, टाकतात, धातूच्या ०.१ ते ०.३ टक्के. १०० किलोच्या लॅडलला २०० ग्रॅम. त्याचा असर काही मिनिटांतच उतरायला लागतो, त्यामुळे टाकल्यावर रेंगाळायचं नाही. कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ असेल तर नंतरचे दोन मिळवून तीननं भागा आणि कार्बनमध्ये घाला: ४.१२. हा कार्बन इक्विव्हॅलंट. ४.३ च्या, म्हणजे सगळ्यात कमी अंशांवर वितळणाऱ्या मिश्रणाच्या, किती अलीकडे-पलीकडे आहोत ते यावरून कळतं.

खानापूर, निपाणीकडून दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्यांना या विषयांत भाषेचाही डोंगर चढावा लागतो. त्यांनी वहीत प्रत्येक संज्ञेपुढे आपल्या भाषेत एक ओळ लिहावी, आणि ती व्याख्या नसावी, घटना असावी. पर्मिएबिलिटी: वाफ मागच्या मागे निघून जाते का. चिल: पातळ कड पांढरी पडली का. फौंड्रीत तर एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी असतंच. तिथला शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी-शेजारी लिहिला की दोन्ही लक्षात राहतात.

रिजेक्ट झालेलं कास्टिंग मिळालं तर ते पोकळीवरून कापून घ्या आणि आत बोट फिरवा. भिंत गुळगुळीत आणि पोकळी गोलसर असेल तर तो वायू: आधी वाळूचं पाणी, पर्मिएबिलिटी आणि कोअर (कास्टिंगमधलं भोक घडवणारा वाळूचा तुकडा) नीट भाजला होता का ते बघा. आत खरखरीत, फांद्याफांद्यांसारखं लागलं आणि जागा जाड भागाच्या मधोमध असेल तर ते आक्रसणं: रायझरचं गुणोत्तर पुन्हा काढा. दोन्ही सापडलं तर आधी साचा किती घट्ट ठोकला होता ते विचारा.