माजघराचे सहा फोटो

आमच्या हॉलमध्ये एक फोटो टांगलेला आहे. गुहागरजवळच्या मावशीच्या घराचं माजघर, पुढे ओटी आणि दारातून दिसणारं भर उन्हातलं अंगण. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच्यासमोर थबकतो आणि विचारतो, "खरा आहे का हो हा? की एडिट केलाय?" विचारलंतच म्हणून सांगतो. तो एक फोटो नाहीच, सहा आहेत.

त्या दुपारी अंगण नीट यायला कॅमेऱ्याने सेकंदाचा पाचशेवा भाग उजेड आत घेतला तरी पुरत होतं. माजघरातला कोनाडा आणि त्याखालची पितळेची कळशी दिसायला मात्र दोन सेकंद लागत होते. म्हणजे हजारपट फरक. आपल्याला तो जाणवत नाही, कारण नजर सारखी फिरत असते, जिथे वळेल तिथल्या उजेडाशी डोळा जुळवून घेतो आणि मेंदू सगळं जोडून एकच चित्र समोर ठेवतो. कॅमेऱ्याला मात्र एका फोटोला एकच वेळ निवडावी लागते. अंगण धरलं तर घर काळंमिट्ट, घर धरलं तर दाराच्या जागी पांढरा चौकोन. आजचे सेन्सर बरंच पेलतात, पण काळोख मागाहून उजळायला गेलं की त्यात रंगीत दाणे उठतात.

म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, फोकस एकदा ठरवून ऑटोफोकस बंद केला, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ वर आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती हळवा ते, १०० वर बांधून टाकलं आणि फक्त शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, बदलत गेलो: १/५००, १/१२५, १/३०, १/८, अर्धा सेकंद, दोन सेकंद. दर वेळी दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड. अ‍ॅपर्चरला हात लावायचा नाही, कारण ते बदललं की पुढचं-मागचं किती रेखीव येतं तेही बदलतं आणि फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत. शटरच्या चाकाच्या सहा-सहा टिचक्या, श्वास रोखून. मावशीच्या चहाला दोनदा "आलो आलो" म्हटलं.

पहिल्यांदा मी ते सहाही फोटो आपोआप जोडून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरला देऊन टाकले. कोनाडा लखलखला, सारवलेल्या जमिनीवरची बोटांची वळणं उठून आली, वासे मोजता यावेत असे झाले. दाराच्या चौकटीभोवती एक फिकट प्रभावळ आली होती, तिच्याकडे मी काणाडोळा केला. अंगणात फिरणारी कोंबडी सहा फोटोंत सहा ठिकाणी होती, तिची तीन अर्धवट भुतं उरली. ती पुसून टाकली. फोटोवर मी खूश होतो. मावशीला फोनवर पाठवला, तर तिचा लगेच फोन: "अरे, हे कुणाचं घर? आमच्या माजघरात इतका उजेड कधी पडला होता?"

राग आला, खोटं कशाला बोलू. पण ती बरोबर होती. त्या घरात दारातून येणारा उजेड जमिनीवर पसरतो, ओटीवरून आत येता येता विरत जातो आणि कोनाड्यापाशी संपतो. ते विरणंच सॉफ्टवेअरने सपाट करून टाकलं होतं. सगळीकडे सारखा उजेड म्हणजे माजघर नव्हे, दुकान.

आता 'एडिट' या शब्दाबद्दल. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हा फोटो काचेवर घेत आणि त्या काचा निळ्या रंगाला भलत्याच हळव्या असत. समुद्र नीट यावा तर आकाश पार उडून जायचं. त्याने काही चित्रांत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी घेऊन, क्षितिजाच्या रेषेवर सांधून, एकाच कागदावर छापल्या. तेच ढग त्याने वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरले, ते मात्र मला रुचत नाही. आणि मला हा प्रश्न विचारताना तुमच्या हातात जो मोबाईल असतो, तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन गुपचूप जोडत असतो. त्याला कुणी विचारत नाही.

पुढच्या खेपेला मी यंत्रावर सोपवलं नाही. सहाही फ्रेम फोटोशॉपमध्ये थरावर थर ठेवल्या आणि मास्कवर, म्हणजे थराचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर, मऊ ब्रशने एकेक भाग उघडत गेलो. अंगण फक्त १/५०० च्या फ्रेममधून घेतलं, त्यामुळे कोंबडीही एकच राहिली. ओटी मधल्या दोन फ्रेममधून. दोन सेकंदांची फ्रेम, जिच्यासाठी एवढा आटापिटा केला होता, ती कळशीच्या काठावरच्या चमकेपुरती घेतली, तीही अर्ध्याहून कमी जोराने. वासे काळोखात सोडले. चौकटीच्या कडेवर दोन संध्याकाळी गेल्या, कारण तिथे ब्रश जरा घसरला की प्रभावळ परत हजर.

गणपतीत गेलो तेव्हा प्रिंट सोबत नेली. मावशीने ती ओटीवर नेऊन उजेडात धरली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिली. उजेडाबद्दल, काळोखाबद्दल चकार शब्द नाही.

"ही कोंबडी आपली नव्हे," ती म्हणाली. "शेजारची आहे मेली. रोज येते तुळशीपाशी उकरायला."