सकाळपासून पाचव्या

"काकू, सकाळपासून तुम्ही पाचव्या," दार उघडत शेजारचा मुलगा म्हणाला. घावण्यांचा डबा घेतला खरा, पण हसला नाही.

आईबाबा मुन्नारला गेलेत. हा सतरा वर्षांचा, गुहागरच्या घरात एकटा. म्हणजे कागदोपत्री एकटा. ओट्यावर आधीच दोन डबे आणि फणसाच्या भाजीचं पातेलं होतं.

फ्रिजवर आईच्या अक्षरात कागद. झोपताना रेग्युलेटर बंद. पंप लावून मोबाइल घेऊन बसायचं नाही. अंधारात बॅटरीशिवाय मागच्या पडवीत जायचं नाही. फुरसं चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, थेट सरकारी दवाखाना. समुद्रात एकट्याने पाऊल टाकायचं नाही. खाली 112, आणि त्याखाली अख्ख्या वाडीचे नंबर.

कागद उत्तम होता. त्या बाईने खरंच विचार केलाय, आणि पोरावर भरवसाही टाकलाय. भरवसा नाही तो आम्हा बाकीच्यांना. "जेवलास का?" हे निमित्त, दार उघडतोय ना ते बघायचं असतं.

याच वयाची इथली पोरं एकेकाळी बोटीत बसून मुंबईला गिरणीत गेली. त्यांच्यामागे घावणे घेऊन कोण धावलं? अर्थात तिकडेही एका खोलीत पंधरा-वीस गाववाले असायचेच!

मग आपल्याकडचा माणूस एकटा राहायला शिकतो तरी कधी? तुम्ही किती वर्षांच्या मुलावर घर सोपवून गेलात? आणि शेजाऱ्यांना काय सांगून गेलात, तेही लिहा.