छ, वार आणि मृग : हिजरी तारखांचा तक्ता कुठवर आला

जुन्या कागदांतल्या हिजरी तारखा इंग्रजी तारखांत बदलणाऱ्या माझ्या तक्त्यात आता तीन नवे रकाने आहेत: वार, सूर्यास्त आणि सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतला सौर सन). वाराचा सहज झाला. सूर्यास्ताचा थोडा अडला. सुहूरने मात्र जीव खाल्ला, त्यामुळे या नोंदीत बरीचशी जागा त्यालाच.

नव्याने आलेल्यांसाठी गाभा आधी सांगतो. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचं, आणि त्यांचे साधारण ३५४.३६७ दिवस होतात. वर्ष ३५४ दिवसांचं धरलं तर तीस वर्षांत अकरा दिवस मागे राहतात. म्हणून तीसपैकी अकरा वर्षं ३५५ दिवसांची करायची: २, ५, ७, १०, १३, १६, १८, २१, २४, २६ आणि २९ वं. काही जण १६ ऐवजी १५ घेतात. मी १६ वर ठाम आहे. तीस वर्षांचे झाले १०,६३१ दिवस. यावरून वर्षाच्या पहिल्या दिवसाचं, म्हणजे १ मोहरमचं सूत्र असं:

१ मोहरमचा दिवसांक = १९४८४४० + ३५४ × (वर्ष − १) + (११ × वर्ष + ३) ÷ ३० याचा पूर्णांक भाग.

पुढे महिने आळीपाळीने ३० आणि २९ चे, आणि ३५५ च्या वर्षात जिल्हेजला, म्हणजे शेवटच्या महिन्याला, एक दिवस जास्त. दिवसांक म्हणजे ज्योतिर्गणितातली सलग मोजणी, इसवी सनापूर्वी ४७१३ पासूनची. ती वापरण्याचं कारण साधं आहे. माझ्या स्प्रेडशीटची स्वतःची तारीख १९०० च्या मागे जातच नाही, आणि आपलं काम तर सगळं त्याच्या मागेच. शिवाय दिवसांकाला सातने भागलं की बाकीवरून वार मिळतो: शून्य उरलं तर सोमवार, एक उरला तर मंगळवार, याप्रमाणे.

दिवसांकातून बाहेर पडताना मी एक नव्हे, दोन इंग्रजी तारखा काढतो: जुनी ज्युलियन आणि नवी ग्रेगरियन. गोव्यात बसून हे काम करणाऱ्याला त्यावाचून गत्यंतर नाही. पोर्तुगालने १५८२ च्या ऑक्टोबरात ४ नंतर थेट १५ तारीख घेतली. इंग्रजांनी तसं करायला १७५२ चा सप्टेंबर उजाडला. त्यांच्याकडे २ नंतर १४ आली. मधल्या काळात एकाच घटनेबद्दल पोर्तुगीज पत्रात एक तारीख आणि कारवार किंवा राजापूरच्या इंग्रज वखारीच्या पत्रात दहा दिवस आधीची, १७०० नंतर अकरा दिवस आधीची. हिजरीवरून आलेली तारीख यातल्या कुठल्या रांगेत बसवायची ते आधी ठरवायला हवं.

दोन्ही रांगा तपासायला मी ओळखीच्या तारखा घेतल्या. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनचा दिवस. ही तारीख अर्थातच ज्युलियन. तक्ता म्हणतो: २३ साबान ९१६, सोमवार. हीच तारीख चुकीच्या, म्हणजे ग्रेगरियन रकान्यात टाकली तर १३ साबान आणि शुक्रवार येतो. दहा दिवसांचा घोळ वार लगेच पकडतो, कारण दहा दिवसांनी वार तीन घरं सरकतो.

दुसरी तपासणी राज्याभिषेकाची: शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३, शनिवार, ६ जून १६७४ ज्युलियन, १६ जून ग्रेगरियन. तक्त्याने १२ रबिलावल १०८५ दिली, वारही शनिवारच. इथे आणखी एक पडताळा फुकट मिळतो तो तिथीचा. आपल्या पंचांगात चंद्रदर्शन बहुधा शुद्ध द्वितीयेच्या आसपास छापलेलं असतं, आणि हिजरी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो. त्यामुळे मुसलमानी तारीख तिथीपेक्षा एखाद-दोन अंकांनी मागे राहते. शुद्ध १३ ला १२ चंद्र, अगदी हवं तसं. तिथी वद्य ५ आणि छ मात्र ९ असं आलं, तर कागद नव्हे, वाचन तपासायला घ्या.

सूर्यास्ताच्या रकान्याला निमित्त झालं गोव्यातल्या जुवे बेटाचं. संभाजीराजांच्या लोकांनी जुव्याचा, म्हणजे सांत इस्तेव्हांवचा कोट घेतला तो २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री. तारीख पोर्तुगीज, म्हणून ग्रेगरियन, वार बुधवार. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी ४ जिल्हेज १०९४. पण हिजरी दिवस मावळतीला बदलतो, म्हणजे कोट पडला तेव्हा ५ जिल्हेज लागून काही तास झाले होते. हिंदू वार सूर्योदयाला बदलतो, त्या हिशेबाने तो बुधवारच. पोर्तुगिजांचा दिवस मध्यरात्री बदलतो. एकाच रात्रीला तीन शिवणी! म्हणून आता घटनेची वेळ ठाऊक असेल तर ‘मावळतीनंतर’ अशी खूण करायची सोय केली आहे. ती केली की हिजरी अंक एकाने वाढतो, बाकी काही हलत नाही.

आता सुहूर. मराठी कागदांत ‘छ २५ रज्जब, सन सलास खमसैन मया व अलफ’ असं दिसतं. छ म्हणजे चंद्र, महिना हिजरीच, पण सन हिजरी नव्हे. अंक उलटे वाचायचे: सलास ३, खमसैन ५०, मया १००, अलफ १०००, झाले ११५३. त्यात ५९९ मिळवले की १७५२, आणि १ जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर ६०० मिळवून १७५३. हे वर्ष सौर, सूर्य मृगात शिरला की सुरू होणारं. ७४५ ला हिजरी आणि सुहूर यांचे आकडे एक होते; नंतर हिजरी पुढे पळत गेली. जुव्याच्या वेळी हिजरी १०९४ आणि सुहूर १०८४, म्हणजे दहाचं अंतर.

अंकशब्द ओळखायला तक्त्याला शिकवणं हे किचकट होतं, पण कठीण नव्हतं. खमस आणि खमसैन, सबा आणि सबैन, अशर आणि अशरीन या जोड्या मोडीत घाईने लिहिल्या की शेपूट गळून जातं. म्हणून तक्ता आता शंकास्पद शब्दाला दोन्ही अर्थ लावून दोन उत्तरं देतो.

खरी मेख वेगळीच आहे. सौर वर्ष ३६५ दिवसांचं आणि बारा चांद्रमास ३५४ चे, म्हणजे प्रत्येक सुहूर वर्षात दहा-अकरा चंद्र-तारखा दोनदा येतात: एकदा वर्षाच्या तोंडाशी आणि एकदा शेपटाशी. वरचंच उदाहरण घ्या. सुहूर ११५३ चा मृग १७५२ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात. हिशेबाने २५ रज्जब येते ग्रेगरियन ८ जून १७५२ ला, हिजरी ११६५ मधली. तीच २५ रज्जब पुन्हा येते २८ मे १७५३ ला, हिजरी ११६६ मधली, आणि तेव्हा पुढचा मृग अजून लागलेला नसतो. सन तोच, महिना तोच, छ तोच. मध्ये जवळजवळ वर्षभराचं अंतर!

इथे वाराशिवाय निवाडा नाही. पहिल्या तारखेला गुरुवार, दुसरीला सोमवार. ३५४ दिवसांनी वार चार घरं सरकतो आणि ३५५ नी पाच, त्यामुळे दोन्हींना एकच वार येणं शक्यच नाही. एका दिवसाची मागेपुढे सूट दिली तरी ३५४ च्या अंतराला गोंधळ होत नाही; ३५५ च्या अंतराला मात्र मधला एक वार दोन्हींना लागू पडू शकतो. कागदात वार असला आणि त्याला इंदुवार, भौमवार, भृगुवार, मंदवार असं काही म्हटलं असलं तरी तक्ता आता ते ओळखतो. वारच नसेल तर मजकुरात शिरायचं: मोहीम नुकतीच छावणीला परतली आहे की पेरणीची धांदल आहे, कोण जिवंत आहे, कोणाची नेमणूक झाली आहे. ते काम स्प्रेडशीटचं नाही. अशा वेळी मी दोन्ही तारखा लिहितो आणि थांबतो. छापील लेखांत अशा ठिकाणी बेधडक एकच तारीख दिलेली दिसली की मला त्या लेखकाच्या आत्मविश्वासाचा हेवा वाटतो.

फोंडा १७६३ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं. त्याआधीचे तिथले मराठी कागद चाळणाऱ्यांनी मृगाच्या अलीकडच्या-पलीकडच्या तारखांना लाल शाई लावूनच ठेवावी.

एक दिवसाची सूट का, याबद्दल कुणीतरी विचारलं होतं. सूत्र आकाशाकडे बघत नाही. महिना लावणारा माणूस बघतो. जुनं कशाला, अलीकडचंच पाहा. २०२५ च्या ईदला सूत्राने ३१ मार्च सांगितला आणि आपल्याकडे ईद त्याच दिवशी झाली. २०२४ ला सूत्राची १ शव्वाल १० एप्रिलला. केरळात ईद त्या दिवशी झाली, आपल्याकडे ११ ला. एकाच किनाऱ्यावर दोन तारखा आणि दोन्ही बरोबर. २९ व्या संध्याकाळी कोर दिसली नाही तर तीस पुरे करायचे, हा नियम. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पश्चिमेचं क्षितिज समुद्रापर्यंत मोकळं असतं, पण जून ते सप्टेंबर तिथे उभं राहून ढगच मोजावे लागतात. त्यामुळे पावसाळ्यातल्या महिन्यांना मी सूट थोडी जास्त विश्वासाने देतो.

पुढचं काम दोन टप्प्यांत आहे. आधी सुहूर १००० ते १२०० पर्यंत प्रत्येक वर्षाच्या जुळ्या तारखांची यादी, वारांसकट. मृगाचा दिवस सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या गणिताने बसवतो आहे. त्यानंतर अमावास्येच्या क्षणावरून पणजीच्या क्षितिजावर कोर दिसण्याची शक्यता. चंद्र सूर्यापासून सात अंशांच्या आत असेल तर कोर दिसत नाही, एवढी अट तूर्त पुरे. ज्यांच्याकडे छ, सुहूर आणि वार असे तिन्ही असलेले मोडी कागद आहेत त्यांनी नुसती तारखेची ओळ उतरवून पाठवली तरी चालेल. मजकूर नको, वार मात्र जसा लिहिला आहे तसाच हवा.