कन्हानची वाळू आणि अफरवटचा बर्फ

गुलमर्गला स्कीइंगला जाण्याआधी तीन महिने आम्ही दर रविवारी नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या पात्रात जात होतो. मी, माझा भाचा आणि त्याचा एक मित्र. बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा माग देणारं अंगावरचं छोटं यंत्र, पोत्यात गुंडाळून मीटरभर खोल पुरायचा, वरची वाळू सारखी करायची आणि पुरताना जो पाठ करून उभा होता त्याने तो शोधायचा.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. सोबतचेच शोधतात, सोबतचेच खणतात. म्हणून बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या पाठीवर हवं, आणि ते वापरायची सवय हातात हवी.

पहिल्या रविवारी मला बावीस मिनिटं लागली. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि शोधणाऱ्याच्या बीकनवर अंतर नि दिशा दिसते. माझ्यावरचे आकडे उड्या मारत होते. कारण साधं होतं: मोबाईल त्याच बाजूच्या खिशात. शोधताना फोन किमान अर्धा मीटर दूर हवा, हे वाचलेलं होतं. लक्षात राहिलं ते त्या दिवसापासून.

खणण्यात तर आम्ही अगदीच कच्चे होतो. पलीकडे वाळू भरणारे एक काका बराच वेळ बघत होते. जवळ येऊन म्हणाले, “काय हारपलं जी बाई?” मी खरं तेच सांगितलं, “बर्फात दबलेला माणूस काढायचं शिकतोय, काका.” त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं. “उचलून काऊन फेकता? मागं लोटा. मागचा आणखी मागं लोटंल.” बर्फात खणण्याची शिकवली जाणारी पद्धत हीच: उताराच्या खालच्या अंगाने सुरुवात करायची, पुढच्याने मागे लोटायचं, दमला की जागा बदलायची. जानेवारीपर्यंत आम्ही आठ मिनिटांवर आलो.

दमासाठी रामटेक. अंबाळा तलावाकडून गडावर जाणाऱ्या पायऱ्या, पाठीवर दहा किलो. तरी नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, आणि गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरचं गंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, वरचं स्टेशन ३,९०० मीटरच्या वर. त्याला पायऱ्या पुरत नाहीत. म्हणून पहिले दोन दिवस गुलमर्गमध्येच थांबलो, खालच्या आखलेल्या उतारांवर पाय मोकळे केले. शिवाय ताजा बर्फ पडला होता, वारा होता. बर्फ पडून गेल्यावरचा पहिला एक-दोन दिवसांचा काळ सगळ्यात वाईट. वारा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन रचतो.

तिसऱ्या दिवशी आभाळ निळंशार. गाईडने निघण्याआधी एकेकाचा बीकन तपासला, मग स्कीखाली स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) चिकटवून आम्ही आखलेल्या उतारांच्या दोरीबाहेर, कड्याच्या बाजूने चढू लागलो. समोर एक उतार होता, पांढराशुभ्र, एकही रेघ नसलेला. भाच्याने कोन मोजला: ३६ अंश. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांतच होतात.

तेवढ्यात पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला. मोठा नाही, पण पोटात जाणवला. आतला कमकुवत थर खचल्याचा तो आवाज. गाईडने हात वर केला, आम्ही थांबलो. सुरक्षित सपाटीवर येऊन त्याने खड्डा खणला, थर किती पक्के आहेत ते बघायला ३० सेंटिमीटर रुंद नि तेवढाच जाड बर्फाचा खांब मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारू लागला. दहा मनगटातून, मग कोपरातून. तेराव्या थापेला वरचा अख्खा थर लादीसारखा सरकून पुढे आला. खाली साखरेसारखे सुटे दाणे. मी ते हातमोज्यावर घेतले, मूठ वळेना.

“आज नहीं, दीदी,” तो म्हणाला.

भाचा बोलला नाही. तीन महिने त्याने ह्याच उताराचे फोटो जपले होते. माझ्याही आत काहीतरी तुटलं. पण बीकन माणूस शोधून देतो, बर्फ थांबवत नाही, आणि आम्ही इतके रविवार ज्यासाठी तयारी केली ते घडू नये हाच खरा हेतू होता. आम्ही झाडीतल्या सौम्य उतारावरून, एकेक जण, अंतर ठेवून उतरलो. झाडांमधला तो भुसभुशीत बर्फ, आणि स्कीचा ‘सूं’ एवढाच आवाज! आयुष्यभर पुरेल.

दुसऱ्या दिवशी गंडोलातून तो उतार दिसला. त्यावर दोन स्कीच्या रेघा होत्या, वरपासून खालपर्यंत. कोणीतरी उतरून गेलं होतं, आणि उतार जसाच्या तसा होता. भाचा काचेला नाक लावून बघत राहिला.

“मावशी, आपणही गेलो असतो तर...”

“तरी मी परतलेच असते रे.”

तो काही वेळ गप्प बसला. मग जॅकेटची चेन उघडून त्याने बीकनची बॅटरी बघितली. ८७ टक्के. माझाही बीकन दाखव म्हणाला.