मालक कोण? कारखान्यांची यादी दुरुस्त करताना

वार्षिक सभेच्या आमंत्रणपत्रिका पोस्टात टाकून चार दिवस झाले होते. शिरोलीतले एक फौंड्रीवाले सभासद कार्यालयात आले आणि खुर्चीवर न बसताच खिशातून तीन पाकिटं काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडली. तिन्ही आमचीच. कारखाना एक, प्लॉट एक, नावाचं स्पेलिंग मात्र तीन तऱ्हेचं. तिसऱ्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, "हे माझे वडील. जाऊन सहा वर्षं झाली. हे तेवढं वर पोचवायची व्यवस्था तुमच्याकडनंच करा."

मला कोल्हापूरच्या या उद्योजक संघटनेत लागून तेव्हा पाच महिने झाले होते. बी.कॉम. झालेलं, टॅली येतं, एक्सेल बरं येतं, म्हणून सभासदांची यादी दुरुस्त करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत होईल की." तेव्हा मे महिना होता. झालं ते पुढच्या एप्रिलला, आणि 'झालं' हा शब्दही मी आता जपूनच वापरते.

यादीत ६४३ ओळी होत्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित, सगळं एकत्र. कधीतरी छापलेल्या डिरेक्टरीवरून कुणीतरी टाईप केलेली, मग जो येईल त्यानं खाली भर घातलेली. मूळ फॉर्म २०१९ च्या महापुरात भिजले, त्यामुळं ताडून बघायला कागद नाही. मोबाईलच्या रकान्यात नंबरापुढं 'मुलगा', 'संध्याकाळी करणे' आणि एके ठिकाणी नुसतंच 'चिडतात'.

पहिल्याच आठवड्यात मी घोडचूक केली. सारखी नावं दिसली की एक ठेवायचं आणि बाकीचं उडवायचं, असा सपाटा लावला. एकाच प्लॉटवर एकाच नावाच्या दोन ओळी होत्या, एकीपुढं 'प्रा. लि.', दुसरीपुढं 'इंडस्ट्रीज'. मी इंडस्ट्रीज उडवली. पंधरा दिवसांनी फोन आला, वर्गणी भरूनही निरोप का येत नाहीत म्हणून. जाऊन बघितलं तर वडिलांच्या वेळची भागीदारी फर्म मशिनिंगचं जॉबवर्क करत होती आणि मुलांनी काढलेली प्रायव्हेट लिमिटेड कास्टिंग ओतत होती. शेड एकच, मधे पत्र्याची भिंत, विजेचे मीटर दोन. आमची सभासद होती ती फर्म. म्हणजे मी उडवलेली.

त्या दिवसापासून नाव सोडलं आणि नंबर धरला. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर फार बोलकं असतं: 'सी' म्हणजे कंपनी, 'एफ' म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), 'पी' म्हणजे एकटा माणूस, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. मी वर सांगितलेल्या दोन ओळी या एका अक्षरानं वेगळ्या झाल्या असत्या. मात्र जुळणी पॅनवरच करायची, पूर्ण जीएसटी नंबरावर नाही, हेही पुढं ठेच लागूनच कळलं. कागलच्या पुढं कोगनोळी आली की कर्नाटक सुरू. तिकडं दुसरी शेड घातलेल्या कंपनीचा तिथला नंबर २९ नं सुरू होतो. पॅन तोच, कंपनी तीच.

नंबर मिळवायचे कसे, हा खरा घोळ. मी दोन पानी फॉर्म केला होता, छान रकाने पाडून. पहिल्या महिन्यात ३१ परत आले, त्यातले निम्मे अर्धवट. फोन केला की पहिला प्रश्न, "जीएसटीतनं बोलताय का?" दुसरा, "लोनचं असलं तर नको बघा." शेवटी शिपाईमामांनीच तोडगा काढला. म्हणाले, "ताई, फॉर्म कशाला भरायला लावताय? एका जुन्या बिलाचा फोटो मागा. बिल चुकीचं कोण छापतंय?" अगदी खरं. बिलावर नाव, पत्ता, जीएसटी, फोन सगळं असतं आणि ते अकाउंटंटनं तपासलेलं असतं. दर खोडून फोटो पाठवा म्हटल्यावर तर धडाधड यायला लागले.

मग ते नंबर एकेक करून तपासायचे. जीएसटीच्या साईटवर कुणालाही बघता येतं: कायदेशीर नाव, व्यापारी नाव, धंद्याचा प्रकार, नोंदणी चालू आहे की रद्द. फाटकावरच्या पाटीवर असतं ते बहुतेक वेळा व्यापारी नाव, आणि मागं कायदेशीर नाव म्हणून नुसता एक माणूस. आमच्याकडं निम्म्याहून जास्त अशाच एकल किंवा भागीदारीतल्या शेड. त्यांचं कंपनी खात्याच्या साईटवर काही सापडत नाही. भागीदारी १९३२ च्या कायद्याखाली येते, आणि त्यात फर्मची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून त्यांच्यापुरतं बिल आणि जीएसटी हाच आधार.

कंपन्यांचं बरं असतं. त्यांना २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख नंबर, असतो आणि त्यात जवळजवळ कुंडलीच असते. शेअर बाजारात नसेल तर पहिलं अक्षर 'यू', मग धंद्याचे पाच आकडे, मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग प्रकार, शेवटी नोंदणीचे सहा आकडे. एका कारखान्याच्या फाटकावर ठळक अक्षरात 'स्थापना १९७८' आणि सीआयएनमध्ये २००६. मी मोठ्या ऐटीत चूक दाखवायला गेले. त्यांनी चहा पाजून सांगितलं, "१९७८ ला आमच्या आजोबांनी उद्यमनगरात एक लेथ टाकलं. २००६ ला सीएनं कंपनी केली." दोन्ही खरं. मी दोन रकाने केले.

यादीतल्या काही कंपन्या साईटवर 'स्ट्राईक ऑफ' दिसल्या. २०१७ मध्ये देशभरातल्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं सरकारनं रजिस्टरमधून काढली होती, त्यात आमच्याकडच्याही होत्या. आम्ही त्यांना दरवर्षी कॅलेंडर पाठवत होतो. उलटंही असतं. साईटवर 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे भट्टी पेटलेली आहे असं नाही. रजिस्टरमधून नाव काढलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून शेवटी स्कूटी काढली. दुपारी साडेतीन ते पाच, पहिली पाळी सुटून दुसरी लागते त्या सुमाराला. गोकुळ शिरगावच्या एका फाटकावर वॉचमनकाका खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, "इथले मालक कोण?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "कुठला मालक म्हणतासा? जागेचा, कंपनीचा, का पगार देणारा?"

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. बोटांवर मोजत सांगायला लागले. जागा एमआयडीसीची, ९५ वर्षांच्या करारानं घेतलेली. करार थोरल्या भावाच्या नावावर, ते आता पुण्यात असतात. कंपनी त्यांच्या आई आणि धाकट्या सूनबाईंच्या नावावर. "आणि पगार भाचेसाहेब करत्यात. हितं रोज त्येच असत्यात. ते नसले तर वितळलेलं लोखंडबी थांबतंय."

घरी येऊन कंपनी खात्याची साईट उघडली. डायरेक्टर दोन, दोघी बायका. भाच्याचं नाव कुठंच नाही. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर – ऑपरेशन्स'. त्यात खोटं काही नाही, कार्डावर काय छापावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण यादीत लिहायचं काय? कायद्याच्या नोटिशीचं पत्र आई आणि सूनबाईंच्या नावानं जायला हवं, आणि ट्रेनिंगचं आमंत्रण भाच्याला गेलं नाही तर कुणीच येणार नाही. तिथून मी माणसांचे रकाने तीन केले: नोंदीतलं पद, कार्डावरचं पद, आणि 'कुणाशी बोलायचं'. आमच्या कमिटीत एकजण म्हणाले, एवढं कशाला? मला तरी यातलं एकही कमी करता आलेलं नाही.

माणसांच्या नावांचा घोळ तर निराळाच. इंग्रजीत शिंदे तीन तऱ्हेनं लिहितात, चौगुले चार तऱ्हेनं. मी एक रकाना देवनागरीचा केला आणि सगळी नावं त्यात पुन्हा लिहिली, तर ४० च्या वर दुबार नोंदी आपोआप उघड्या पडल्या. पाटलांना मात्र देवनागरीही पुरत नाही. एकाच आद्याक्षरांचे चार पाटील, त्यातले दोघे चुलतभाऊ. तिथं डीआयएन उपयोगी पडतो. डायरेक्टरचा आठ आकडी नंबर, एका माणसाला एकच, जन्मभराचा. कंपनी बदलली, लग्नानंतर आडनाव बदललं, तरी तोच राहतो.

एक फोन मात्र विसरत नाही. उद्यमनगरातला जुना पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने करणारं दुकान. मी "साहेब आहेत का" विचारलं तर बाई म्हणाल्या, "गेले की. दिवाळीत चार वर्षं होतील." दुकान आता मुलगी बघते. मी म्हटलं, नाव बदलून घेते. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "बदला, पण काढू नका. कुठंतरी असू दे." 'संस्थापक' हा रकाना त्या संध्याकाळी वाढला.

यादी चांगली व्हायला लागल्याचा वास बाहेर लवकर लागतो. इन्शुरन्सचा एक एजंट पेनड्राईव्ह घेऊनच आला, "नुसते मालकांचे मोबाईल द्या." डायरेक्टरचं नाव सरकारी नोंदीत सगळ्यांना दिसतं ते वेगळं, बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून दिलेला नंबर वेगळा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा सेक्रेटरी साहेबांनी कमिटीपुढं वाचून दाखवला, पण त्याआधीच मी मोबाईलचे रकाने वेगळ्या फाईलमध्ये काढून कुलूप घातलं होतं.

एप्रिलमध्ये ५७८ ओळी राहिल्या. जुलैत सहज २० तपासल्या तर तीन चुकलेल्या. डायरेक्टर बदलला की डीआयआर-१२ हा फॉर्म भरायला कायद्यानं ३० दिवस मिळतात, पत्ता बदलला तरी तेवढेच, त्यामुळं साईट बघून बसलेला माणूस महिनाभर मागंच असतो. म्हणून आता दर महिन्याला ५० ओळी काढते. कंपन्यांचं मात्र डिसेंबरात: वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, त्यापुढं वार्षिक विवरणपत्राला ६० दिवस, म्हणजे नोव्हेंबरअखेर बहुतेकांचे कागद चढलेले असतात. परत आलेली पाकिटं पूर्वी थेट रद्दीत जायची, ती आता माझ्या टेबलावर येतात. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन रकाने, ते मात्र कधी रिकामे ठेवत नाही: कधी कळलं, आणि कुणाकडून. 'बिल', 'साईट', 'स्वतः', 'वॉचमन', काहीही चालतं.

सध्या ओळ क्रमांक २१४ अडली आहे. साईटवर कंपनी अ‍ॅक्टिव्ह. जीएसटी रद्द. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. गेल्या महिन्यात गेले तर फाटकाला कुलूप, पण कुलपाला ग्रीस नवं. समोरचा चहावाला म्हणाला, रात्री कधीतरी ट्रक येतो. मी तारीख घातली, पुढं 'चहावाला' लिहिलं आणि पदाचा रकाना तसाच ठेवला. परवा संध्याकाळी उशिरा एक चक्कर मारणार आहे.