पोटासाठी दिलेली ‘ती’ गोळी

इंदूरमध्ये औषधांच्या दुकानात बसून निम्म्याहून अधिक आयुष्य गेले, आणि त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. अँटिडिप्रेसंट म्हणजे नैराश्यावरील औषधांची धास्ती डॉक्टरांच्या खोलीत बसत नाही. ती आमच्या काउंटरवर, किंवा घरी गेल्यावर मुलाने मोबाइलवर गोळीचे नाव शोधले की बसते. दोन मिनिटांत सांगता येण्यासारखे जे होते, ते खोलीत कोणी सांगितलेलेच नसते.

लोकमान्य नगरातील एक काकू आमच्या जुन्या ग्राहक. पोटात मुरडा, सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी वारंवार शौचाला जावे लागणे, लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीला बसायची भीती, असे त्यांचे वर्षानुवर्षे चालले होते. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून तपासणी झाली. शेवटी चिठ्ठीवर आले अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम, म्हणजे मुळात नैराश्यावरचे औषध, रात्री झोपताना. दुसऱ्याच दिवशी त्या स्ट्रिप घेऊन परत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “भाऊ, हे परत घ्या. मला काय वेड लागलंय?” डॉक्टर त्यांच्याशी दोनच वाक्ये बोलले होते. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, आणि ही गोळी घ्या. त्यावरून ‘म्हणजे दुखणे पोटात नाही, डोक्यात आहे’ हे तिसरे वाक्य काकूंनी स्वतःच काढले, आणि ते तर्काला धरूनच होते. मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. इंदूरच्या मराठी वस्तीत कोणाच्या घरी कोणती गोळी चालू आहे हे कळायला वेळ लागत नाही. निदान नाव छापलेली बाजू कापून द्याल का, असेही त्यांनी विचारले. तसे करता येत नाही, कारण नावाबरोबर मुदतीची तारीख आणि बॅच नंबरही जातो.

काकूंना आय.बी.एस. (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) होता, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोट दुखत राहणारा आणि शौचाच्या तक्रारी होणारा आतड्याचा जुनाट विकार. 2016 पासून जगभरचे पोटविकारतज्ज्ञ अशा आजारांना आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार म्हणतात. दुर्बिणीला आतड्याचे अस्तर दिसते. तेथील नसा किती हळव्या झाल्या आहेत ते दिसत नाही. आपल्या शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन, म्हणजे ही औषधे ज्यावर काम करतात ते नसांमधून संदेश नेणारे रसायन, आतड्यात असते, त्यामुळे मेंदूसाठी बनलेले औषध पोटावरही काम करते यात नवल नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला नैराश्यासाठी आले आणि त्यासाठी त्याची मात्रा साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम असते, तर पोटासाठी ती 10 ते 30 मिलिग्रॅम दिली जाते. तापासाठी घेतलेली अ‍ॅस्पिरिन आणि हृदयरुग्णाला रोज दिलेली लहान अ‍ॅस्पिरिन यांचा हेतू वेगळा असतो, हे मात्र आपल्याकडे आजोबांनाही ठाऊक असते. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात 463 रुग्णांपैकी हे औषध घेणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली, त्यांच्या चिंता-नैराश्याच्या मोजणीत मात्र दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे गुण आला तो मन सुधारल्यामुळे नव्हे. त्या अभ्यासात रुग्णांना माहितीपत्रक देऊन, लक्षणांनुसार मात्रा कमी-जास्त करण्याची मुभाही दिली होती. आपल्या ओ.पी.डी.तील गर्दीत तेवढा वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण एका कागदाला कितीसा वेळ लागतो?

आता गंमत पाहा. अ‍ॅसिडिटीसाठी राबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड यांची एकत्र कॅप्सूल लोक आनंदाने घेतात. यातील लेव्होसल्पिराइड मुळात मनोविकारांवरील औषधांच्या कुळातले आहे, आणि फार दिवस घेतल्यास काही जणांना हाताला कंप सुटतो. पोटाच्या मुरड्यासाठी क्लोर्डायझेपॉक्साइड असलेली गोळीही अशीच खपते. त्याची सवय लागू शकते आणि शेड्यूल एच-1 या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीत असल्यामुळे आम्हाला रुग्णाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावे लागते. या दोन्हींना कोणी घाबरत नाही, कारण त्या ‘गॅसच्या गोळ्या’ म्हणून घरात येतात. ज्या गोळीची तशी सवय लागत नाही, ती मात्र कपाटात साड्यांखाली जाते.

न सांगण्याचा तोटा पुढेही होतो. सुरुवातीला तोंड कोरडे पडते, सकाळी सुस्ती येते, आणि गुण दिसायला काही आठवडे जातात. हे आधी माहीत नसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात गोळी बंद करतो आणि डॉक्टरांना तसे सांगत नाही. डॉक्टर समजतात की औषध लागू पडले नाही, आणि चिठ्ठी बदलते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर ती रुग्णाने आपणहून सांगायला हवी. बद्धकोष्ठ असणाऱ्याला या गोळीने ते वाढूही शकते.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. ‘घाबरू नका, ही काही मानसिक आजारासाठी नाही’ असा धीर दिला की समोरच्या काकू निवांत होतात, पण त्याच रांगेत खरोखर नैराश्यासाठी गोळी घ्यायला आलेला एखादा मुलगा मागे उभा असतो आणि तो हे ऐकतो. अशा वेळी दुकानातल्या पोऱ्याने मोठ्याने “डिप्रेशनवाली गोली किसकी है?” असे विचारले की त्याने दुसऱ्या मेडिकलचा रस्ता धरलाच म्हणून समजा. म्हणून मी आता एवढेच सांगतो की हे औषध पोटाच्या नसांसाठी, इतक्या मात्रेत, झोपताना घ्यायचे आहे. बंद करायचे झाल्यास डॉक्टरांना विचारून हळूहळू. ते कशासाठी नाही, हे सांगायच्या फंदात मी पडत नाही.

आमच्या भागातील एक डॉक्टर चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढेच ‘पोटदुखीसाठी, गुण यायला महिना लागेल’ असे हाताने लिहितात. त्यांच्या रुग्णांकडून ही स्ट्रिप क्वचितच परत येते.